उष्णतेने उठणारे पित्त व वर्गशिक्षकाचे कर्तव्य

उन्हाळा जवळ आला की शाळा सकाळची होते. तरीही कवायत, खेळ व श्रमदान यांत मुलांचे अंग तापतेच. अशा वेळी एखादे मूल मध्येच थांबते, मान व छाती खाजवू लागते आणि "गुरुजी, अंगात सुया टोचतात" असे सांगते. या तक्रारीकडे शिक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभीच स्वतःची एक चूक कबूल करतो. मी वर्गशिक्षक असताना सातवीतील एक मुलगा कवायतीच्या तासाला काही ना काही निमित्त काढून बाजूस बसत असे. एके दिवशी मी त्याला दटावून मैदानास चार फेऱ्या मारावयास लावल्या. तो परतला तेव्हा त्याच्या मानेवर व दंडांवर बारीक पुरळ दिसले. मी ते घामोळे समजलो. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन आले, तेव्हा अंग अगदी स्वच्छ होते. "पोरगं अंगचोर आहे, गुरुजी," असे ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. त्यानंतर त्या मुलाने तक्रार करणेच सोडून दिले. तो खरे बोलत होता, हे मला फार उशिरा कळले.

ज्याला आपण अंगावर पित्त उठणे किंवा गांधी उठणे म्हणतो, त्याचाच हा एक प्रकार होय. डॉक्टर याला कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात. ड्यूक या अमेरिकन डॉक्टरांनी १९२४ साली याचे वर्णन केले. धावणे, कढत पाण्याने स्नान, झणझणीत जेवण किंवा मनाची खळबळ यांमुळे शरीराची उष्णता वाढून घाम येऊ लागला, की त्वचेतील विशिष्ट पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे मोहरी-बाजरीच्या दाण्याएवढ्या गांधी उठतात, भोवतालची कातडी लाल होते व तीव्र खाज सुटते. बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी याचा आरंभ होतो. म्हणून सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे.

'पित्त' या शब्दाने मात्र फसू नये. यकृतात तयार होणाऱ्या पित्ताशी याचा संबंध नाही. त्यामुळे रेचक देऊन किंवा ओकारी काढून हा विकार जात नाही. हा स्पर्शजन्यही नाही. अशा मुलास वेगळे बसविणे किंवा खरूज समजून घरी पाठविणे अन्यायाचे होईल. घामोळे दिवसेंदिवस टिकते. या गांधी मात्र बहुधा अर्ध्या-एक तासात मावळतात.

याच कारणामुळे मुलावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ते घरी किंवा दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंगावर काहीच उरलेले नसते. गांधी प्रत्यक्ष पाहणारा बहुधा शिक्षकच असतो. त्याने त्याच वेळी नीट पाहून तारीख, वेळ, मूल काय करीत होते, गांधी कोठे उठल्या व किती वेळ राहिल्या, हे वहीत लिहून ठेवावे. शक्य असल्यास भ्रमणध्वनीवर मानेचे वा हाताचे छायाचित्र घेऊन ते केवळ पालकांस व डॉक्टरांस दाखवावे. एवढ्या टिपणावरून डॉक्टरांस निदान करणे पुष्कळ सोपे जाते.

गांधी उठताच मुलास सावलीत वाऱ्यावर बसवावे, कपडे सैल करावेत, साध्या पाण्याने अंग पुसावे व पिण्यास पाणी द्यावे. बर्फासारखे गार पाणी एकदम ओतू नये. काही घरी पित्त उठले की घोंगडी पांघरावयास देतात. या प्रकारात तिने उष्णता वाढून त्रास अधिकच होतो. आमसुलाचे पाणी लावल्यास गारवा वाटेल, परंतु तेवढ्यावर थांबू नये. डॉक्टर बहुधा सेटिरिझिनसारखी गोळी देतात. तिने काहींना गुंगी येते. असे मूल वर्गात पेंगल्यास त्यावर रागावू नये. शिक्षकाने आपल्या मनाने गोळी देऊ नये.

ओठ वा जीभ सुजणे, श्वास लागणे, आवाज घोगरा होणे, वारंवार वांती होणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलास आडवे ठेवावे, चालवू नये. श्वास लागत असल्यास टेकवून बसवावे.

अशा मुलाचा खेळ कायमचा बंद करण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यास थंड वेळी, सैल सुती कपड्यांत, हळूहळू वाढविलेला व्यायाम देता येतो. वर्गात त्यास खिडकीजवळ बसवावे आणि त्रास सुरू होताच न विचारता थांबण्याची मोकळीक द्यावी. अनेकांचा हा विकार काही वर्षांनी कमी होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भीती व लाज यांनीही या गांधी उठतात. सर्वांदेखत मुलास बोल लावला, तर आपल्याच शब्दांनी त्याचे अंग पेटेल. म्हणून, शिक्षकबंधुभगिनींनो, कवायतीच्या वेळी बाजूस बसणाऱ्या मुलास एकदा जवळ बोलावून शांतपणे विचारा, "बाळ, धावताना तुला काय होते?" आणि ते जे सांगेल, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.