किनाऱ्यावरचा चंद्रोदय: अंधारखोलीपासून पंचांगापर्यंत

समुद्रकिनाऱ्यावर उगवत्या चंद्राचे छायाचित्र घेताना प्रत्येक काळातील छायाचित्रकाराला एकाच अडचणीशी झगडावे लागले आहे. चंद्राच्या पृष्ठावर थेट सूर्यप्रकाश पडत असतो, तर खालचे पाणी, खडक आणि होड्या काळोखात बुडालेल्या असतात, त्यामुळे दोहोंना एकाच चौकटीत न्याय देणे कठीण जाते. या अडचणीवरचा उपाय पूर्वी चित्र घेतल्यानंतर अंधारखोलीत शोधला जाई. पुढे तो चित्र घेण्यापूर्वी तिथी, वेळ आणि जागा यांच्या निवडीत सापडू लागला, आणि हाच बदल या छायाचित्रणाच्या इतिहासाचा कणा आहे.

जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे डॅग्युरोटाइपवर, म्हणजे चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, चंद्राची प्रतिमा मिळवली. तथापि चांदण्यातील समुद्र टिपण्याइतकी संवेदनशीलता त्या काळच्या कोणत्याच साधनात नव्हती. म्हणूनच फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांचे १८५६ मधील जहाजाचे प्रसिद्ध चित्र चांदण्यातले म्हणून ओळखले गेले, तरी प्रत्यक्षात ते दिवसा, ढगांआडच्या सूर्याच्या दिशेने घेतलेले होते. पुढच्याच वर्षी सेत येथील लाटेच्या चित्रासाठी त्यांनी आकाश आणि समुद्र यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या, आणि उजेडातील तफावत जोडकामाने मिटवण्याची परंपरा रूढ होण्यास हातभार लावला.

नियोजनाचे महत्त्व उमगले ते किनाऱ्यापासून दूर, न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी घेतलेल्या चंद्रोदयाच्या चित्रातून. प्रकाशमापक हाताशी न सापडल्यामुळे त्यांनी चंद्राची ठाऊक असलेली दीप्ती, दर चौरस फुटाला २५० कँडल, आधार मानून प्रकाशनकाळ ठरवला; मात्र चित्राच्या तारखेबद्दल त्यांनी वेळोवेळी वेगवेगळी वर्षे सांगितली. पुढे १९९१ मध्ये डेनिस डि चिको यांनी चंद्राच्या स्थानावरून १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटे ही वेळ निश्चित केली. चित्रावरून क्षण काढता येत असेल, तर क्षणावरून चित्रही आधीच आखता येते, हे या गणिताने दाखवून दिले.

हे गणित मुळात सोपे आहे. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून एखादी वस्तू आपल्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावरून पाहिली तर ती चंद्राएवढीच दिसते. त्यानुसार २५ मीटर उंचीचे दीपगृह चंद्रबिंबाच्या बरोबरीने हवे असल्यास पावणेतीन किलोमीटर मागे सरून दूरदर्शी भिंग लावावे लागते. शिवाय चंद्र स्वतःच्या व्यासाएवढे अंतर साधारण दोन मिनिटांत कापत असल्याने अशा भिंगातून काही सेकंदांचे प्रकाशन दिले तरी बिंबाची कड पुसट होते. पूर्वी पंचांग, नकाशा आणि होकायंत्र घेऊन करावी लागणारी ही आखणी २०१० नंतर ‘फोटोपिल्स’सारख्या अ‍ॅपमुळे मोबाइलवर आली. दुसरीकडे, दोन प्रकाशनांची चित्रे संगणकावर जोडण्याच्या रूपाने ल ग्रे यांचे जुने तंत्रही परतले.

जोडकाम टाळायचे असेल, तर शुद्ध चतुर्दशीची संध्याकाळ सहसा पौर्णिमेपेक्षा अधिक उपयोगी ठरते. चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जात असल्याने आदल्या दिवशी चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर येतो, आणि संधिप्रकाशात किनारा व बिंब यांच्या उजेडातील अंतर काही काळ आवाक्यात राहते.

कोकणाला मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. हा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने पौर्णिमेचा चंद्र येथे सह्याद्रीच्या बाजूने उगवतो आणि पहाटे अरबी समुद्रात मावळतो. पाण्यापलीकडचा चंद्रोदय हवा असल्यास मुंबई बंदराकडे तोंड केलेला गेटवेचा परिसर किंवा भाऊचा धक्का, अथवा खाड्यांचे पूर्वेकडे मोकळे काठ शोधावे लागतात. पावसाळ्यातील ढगांमुळे नारळी पौर्णिमा अनेकदा हुकते, तर पाऊस ओसरल्यावर येणारी कोजागरी अधिक अनुकूल ठरते. तरीही क्षितिजालगतच्या धूसर हवेत बिंब पहिले काही अंश फिके राहते. चंद्राची वेळ आणि दिशा आता प्रत्येकाला आयती मिळत असल्यामुळे छायाचित्रकाराचे वेगळेपण पुढच्या भूमीच्या निवडीत आणि त्या जागेच्या हवेची ओळख असण्यात उरले आहे.