सवागीतले पाणी मोजू या

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी थांबत जाते. या पट्ट्यात रासायनिक कारखाने घराशेजारी आहेत. तरी 'रसायन' म्हटले की मुलांना प्रयोगशाळेच्या कपाटातली बाटलीच आठवते. म्हणून सुरुवात ओळखीच्या पदार्थांपासून करू. सोनार डाग देताना लावतो ती सवागी, म्हणजेच टाकणखार किंवा बोरॅक्स. कॅरमवर टाकतात ती पावडर बहुधा बोरिक आम्लाची असते. दोन्ही बोरॉनची संयुगे.

अंबरनाथचे या संयुगांशी जुने नाते आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्लाचा कारखाना येथे होता. त्याच समूहातील बोरॅक्स मोरारजी ही कंपनी १९६३ साली निघाली आणि अंबरनाथला सवागी व बोरिक आम्ल बनवू लागली. पुढे ती धरमसी मोरारजीत विलीन झाली. कोलमनाइटसारख्या बोरॉनच्या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया केली की बोरिक आम्ल मिळते व जिप्सम मागे राहते. ही दोन नावे एकाच गावात का आली, याचा अंदाज यावरून मुलांना बांधता येईल.

आता बाटलीवरच्या सूत्राकडे वळू. सवागीच्या एका रेणूत सोडियमचे २, बोरॉनचे ४ व ऑक्सिजनचे ७ अणू आणि पाण्याचे १० रेणू, असे पुस्तक सांगते. रेणुभार ३८१, त्यात पाणी १८०. म्हणजे शेकडा ४७ भाग पाणीच! कोरड्या दिसणाऱ्या खड्यात जवळजवळ निम्मे पाणी आहे, हे मुलांनी आपल्या शब्दावर का मानावे? त्यांना तोलून पाहू द्या.

चिनी मातीच्या मुशीत ५ ग्रॅम सवागी घ्या. मूस मोठी असावी. प्रथम मंद आचेवर तापवा. खडे स्वतःच्याच पाण्यात विरघळतात, मग वाफ कोंडून सवागी पांढरीशुभ्र फुलते. हीच सवागीची लाही. घाईने आच वाढवल्यास ती उतू जाते आणि वजनाचा हिशेब बिघडतो. फुलणे थांबल्यावर बर्नरच्या तीव्र आचेवर ठेवा, थंड करा, तोला. पुन्हा तापवा, पुन्हा तोला. दोन वजने सारखी आली की थांबा. उरलेली सवागी २.६४ ग्रॅम असायला हवी. (सवागी वा लाही मुलांनी तोंडात घालू नये. घरगुती औषध म्हणून वापरण्याची जुनी रीत असली तरी ती पोटात जाणे अपायकारक आहे.)

एखाद्या गटाचे उत्तर ३.४५ ग्रॅमच्या आसपास आले तर? असा गट बहुधा गुपचूप आकडा बदलून २.६४ लिहितो. तसे होऊ देऊ नका. बाजारात पाण्याचे ५ रेणू असलेली सवागीही मिळते. तिच्यात शेकडा ३१ भागच पाणी असते आणि ५ ग्रॅमचे ३.४५ ग्रॅम उरतात. म्हणजे मुलांचा तराजू बरोबर आणि बाटलीवरची चिठ्ठी चूक असू शकते! उत्तर या दोहोंच्या मध्ये आले तर आच कमी पडली का, की जुनी सवागी हवेत थोडी सुकली होती, हे शोधता येईल. शेवटचे पाणी चिवट असते. स्पिरिटच्या दिव्यावर ते पुरते निघत नाही.

ते चिवट का? स्फटिकाची रचना तपासल्यावर दिसले की दहांपैकी ८ रेणूच खरोखर पाणी म्हणून आत असतात. उरलेल्या दोहोंइतके हायड्रोजन व ऑक्सिजन बोरॉनशी जोडलेले असतात. ते बंध तुटल्यावरच ते पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात.

संशोधन प्रयोगशाळेत हीच कृती औष्णिक भारमापनाने करतात. नमुना तराजूवर ठेवूनच हळूहळू तापवतात आणि वजनाचा आलेख काढतात. बोरिक आम्लाच्या आलेखात दोन पायऱ्या मिळू शकतात. शेकडा २९ भाग वजन घटले की मेटाबोरिक आम्ल, एकूण ४४ भाग घटले की बोरिक ऑक्साइड. नवे बोरेट तयार करतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. निर्जल सवागी २०१ ग्रॅम व धुण्याचा निर्जल सोडा १०६ ग्रॅम एकत्र वितळवले की सोडियम मेटाबोरेट बनते. कार्बन डाय-ऑक्साइडचे ४४ ग्रॅम निघून गेले, की क्रिया पुरी झाली असे समजावे.

मात्र वजन किती गेले ते सांगते; उरलेले अणू कसे रचले आहेत ते सांगत नाही. त्यासाठी क्ष-किरण व अवरक्त किरणांची साक्ष काढावी लागते. पण शाळेच्या तराजूवरची पहिली साक्षही खरीच असते. ती वहीत जशीच्या तशी लिहिण्याची सवय मुलांना लागली, तर प्रयोग साधला.