घाट, ब्रेक आणि एक जुनी पद्मिनी

मोटार विकत घेण्याचा प्रश्न तुमच्यापुढे इतक्यात येणार नाही. पण तुमच्या घरी तो केव्हातरी येतोच, आणि मग रंग, किंमत व ‘लिटरला किती देते’ एवढ्यावर चर्चा आटोपते. गेल्या हिवाळ्यात तो आमच्याही घरी आला.

आम्ही राहतो लोणावळ्याला. माझे महाविद्यालय घाटाखाली, खोपोलीस. मुलगी यंदा अकरावीला तिथेच येऊ लागली, म्हणजे रोज दोघांना घाट उतरायचा आणि चढायचा. आमच्या शेजारच्या अण्णांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी मोटार चालवणे सोडले आणि त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी मला देऊ केली. किंमत नव्या लहान मोटारीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. गाडी अशी राखलेली की दारे लावताना तोच जुना ‘ठक्’ आवाज येई. “बाबा, हीच घ्यायची,” मुलीने जाहीर केले. खरे सांगायचे तर माझेही मन तिकडेच झुकले होते. माझे बालपण अशाच एका फियाटच्या मागच्या सीटवर गेले आहे.

ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. भारतात १९६४ पासून तिचे ‘डिलाइट’ हे रूप मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागले आणि १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, वजन सुमारे ८९५ किलोग्रॅम, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली, आणि चारही चाकांना ड्रमब्रेक. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा.

आता हिशेब करू. गाडी, आम्ही दोघे आणि दप्तरे मिळून १०५० किलोग्रॅम धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवायची तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १,४६,००० जूल भरते. ब्रेक दाबला की ती नाहीशी होत नाही. ब्रेकशूवरचे लायनर आणि लोखंडी ड्रम यांच्या घर्षणाने तिची उष्णता होते. एवढी उष्णता ड्रम सहज पचवतो. शहरात हा प्रकार पुन्हा पुन्हा होतो, पण मधल्या वेळात ड्रम निवतो.

घाटात तसे नाही. लोणावळा ते खोपोली उतार पाचशे मीटरांहून थोडा जास्तच आहे. आपण पाचशेच धरू. स्थितिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला पाठ आहे: १०५० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ५१ लाख जूल. ताशी ६० च्या वेगातून गाडी पस्तीस वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा! एवढ्या उष्णतेत सुमारे सोळा लिटर पाणी, म्हणजे चांगली बादलीभर, उकळीला येईल. समजा, तिचा तिसरा हिस्सा टायर आणि हवा यांच्या विरोधात खर्ची पडला. उरलेले ३४ लाख जूल चार ड्रमांवर पडले, चारांचे मिळून वजन २० किलोग्रॅम मानले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर लोखंडाची विशिष्ट उष्णता ४६० घेऊन तापमान किती वाढेल? सुमारे ३७० अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता वाहून नेते, म्हणून इतके होत नाही. पण संकट कोणत्या दिशेने येते ते या आकड्यावरून दिसते.

ड्रमब्रेकची एक गंमत आहे. त्याचा एक शू असा बसवलेला असतो की फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. त्यामुळे पायाचा थोडा जोरही पुरतो. पण हीच युक्ती उलटते. लायनर फार तापला की त्याचा घर्षणांक घसरतो, आणि घर्षण घटले की ही फुकटची ओढही घटते. म्हणजे ब्रेकचा जोर घर्षणांकाहून अधिक वेगाने कमी होतो. त्यातच तापलेला ड्रम प्रसरण पावतो, शूपासून लांब जातो आणि पेडल आणखी खाली दाबावे लागते. डिस्कब्रेकची चकती तापली तर जाड होते, ती पॅडकडेच सरकते. शिवाय ती उघड्या हवेत असते. ड्रम म्हणजे झाकण घातलेले पातेले.

ब्रेक ऑइलचेही असेच. नेहमीच्या वापरातल्या ‘डॉट ३’ जातीचे ताजे तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते आणि मग त्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांच्या आसपास उतरू शकतो. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की वायू दबतो, तेल ढकलले जात नाही आणि पेडल थेट तळाला टेकते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा!

मुलीला हे पटेना. “अण्णाकाका चाळीस वर्षे उतरले ना याच घाटातून?” प्रश्न रास्त होता. म्हणून एका रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, आम्ही तिघे गाडी घेऊन निघालो. अण्णांनी आपल्या पद्धतीने, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी उतरवायला मला सांगितले. खाली पोचल्यावर चाकाच्या फटीतून ड्रमवर पाण्याचे चारपाच थेंब टाकले. ड्रम ओला झाला, एवढेच. पुन्हा वर गेलो. या खेपेला मधल्या एका सरळ टप्प्यात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून वेग ब्रेकनेच आवरला. खाली आल्यावर थेंब टाकताच ‘चर्र’ झाले आणि लायनर जळाल्याचा उग्र वास आला. (थेंबच टाकायचे, तांब्या नव्हे, तापलेल्या बिडाला तडा जाऊ शकतो. आणि हात तर लावूच नका.)

तर अण्णांचे चाळीस वर्षांचे रहस्य हे! लहान गिअरमध्ये उतारावरची गाडीच इंजिन फिरवते. इंजिनला बंद झडपेतून हवा ओढावी लागते, आतले घर्षण सोसावे लागते, आणि ती ऊर्जा रेडिएटर व धुराड्यावाटे निघून जाते. ब्रेक थंड राहतात, ऐन प्रसंगासाठी.

इथवर निकाल गाडीच्या बाजूनेच म्हणायचा. मलाही तसेच वाटत होते. पण मागच्या सीटकडे पाहिले आणि पट्टे आठवले. या गाडीला ते नव्हते; पुढेही नव्हते.

‘जुना पत्रा काय दणकट!’ असे आपण सारेच म्हणतो. टकरीच्या वेळी हा दणकटपणा आपल्याच विरुद्ध जातो. ताशी ५० किलोमीटरवरून थांबताना नव्या गाडीचे नाक मुद्दाम चेपावे अशी रचना असते. नाकाचे चेपणे आणि पट्ट्याचे ताणणे मिळून समजा ६० सेंटिमीटर अंतर मिळाले, तर मंदन सुमारे १६१ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सोळा पट. पट्टा नसला तर माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या कशावर तरी आदळून पाच सेंटिमीटरांत थांबतो. तेव्हा हीच संख्या दोनशे पटींच्या घरात जाते. मिस्त्री म्हणाला, पट्टे बसवून देतो. पण पन्नास किलोच्या मुलीला रोखताना पट्ट्यावर सुमारे आठ हजार न्यूटन बल येते, म्हणजे आठशे किलोग्रॅम टांगल्यासारखे. ज्या पत्र्याला तो पट्टा अडकवायचा, तो लोणावळ्याच्या चाळीस पावसाळ्यांतून गेलेला. मी सीट उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिले. एका कोपऱ्यात तो आरपार गेला.

बाकीच्या बाबी लहान आहेत, पण सांगतो. वर्षाला साडेसात हजार किलोमीटर धरले तर लिटरला १२ किलोमीटर देणारी ही गाडी, १९ देणाऱ्या गाडीपेक्षा सुमारे २३० लिटर पेट्रोल जास्त पिते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या दोनतृतीयांश, म्हणून यात आणखी सहासात टक्क्यांची तूट येते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत, त्या बदलाव्या लागतात. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरकाचे नळकांडे हिला नाहीच. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. तुमच्या घरी कुणी पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचे म्हणत असेल, तर २०२१ चे नियम दाखवा: तशी गाडी प्रदर्शन, शर्यत-मिरवणूक, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या ये-जा करण्यासाठी नाही.

गाव सपाटीवर असते, बाजार आणि बँक एवढ्यापुरतीच गाडी लागती, तर मी ती घेतली असती. अण्णांना नाही म्हणणे जड गेले. ते एवढेच म्हणाले, “सर, तुमचं गणित बरोबर असेल. पण विकायची ती घाट उतरवूनच.”

आम्ही सात वर्षे वापरलेली एक लहान मोटार घेतली. तिला पट्टे आहेत, पुढे डिस्कब्रेक आहेत आणि दाराचा आवाज डबा आपटल्यासारखा येतो. पद्मिनी पनवेलकडच्या एका गृहस्थांनी घेतली. ब्रेक ऑइल आणि नळ्या बदलून तिला खाली पोचवायला मीच गेलो, शेजारी अण्णा. शिंग्रोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि नाणे वाहिले. दुसऱ्या गिअरमध्ये खोपोली गाठली. मी उतरून ड्रमवर थेंब टाकले. नुसता ओला झाला.