भोकाचा पैसा आणि स्मरणरंजन

पुलगावात चार म्हातारी माणसं जमली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "इंग्रजांच्या काळात स्वस्ताई होती बाप्पा!" आणि पुराव्यादाखल निघतो तो भोकाचा पैसा.

आता हा पैसा कधीचा? 1943 चा. त्याआधीचा पैसा अख्खा होता. महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून सरकारनं त्याचा मधला भागच काढून टाकला. रुपयातली चांदी तर 1940 मध्येच निम्म्यावर आणली होती. म्हणजे ज्याला आपण स्वस्ताईची खूण समजतो, ती टंचाईची खूण आहे. त्याच 1943 साली बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. त्याच्या आदल्या वर्षी, 16 ऑगस्टला, आपल्याच जिल्ह्यात आष्टीला गोळीबार झाला. गावकरी मेले, पोलीसही मारले गेले. आणि आपला दारूगोळ्याचा डेपो? तोही त्याच युद्धानं दिलेला.

मग आठवण खोटी म्हणायची का? घाई नको. मुलाच्या हातात पैसा पडला, त्याचे फुटाणे आले, हा आनंद खराच होता. फक्त घासलेटाच्या रांगेत तो उभा नव्हता, आई होती. ज्वारी मोजून काढणारी आजी होती. त्याला सगळं स्वस्त वाटलं, कारण किंमत दुसरं कुणी मोजत होतं.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द 1688 साली योहानेस होफर यानं एका आजाराचं नाव म्हणून बनवला. त्यात घरी परतणं आहे आणि वेदना आहे. आपण 'स्मरणरंजन' म्हणतो. रंजन ठेवलं, वेदना गाळली! कांट या बाबतीत फार शहाणा. तो म्हणतो, घरच्या ओढीनं झुरणारा माणूस गावी पोचला की निराश होतो. त्याला वाटतं गाव बदललं. पण परत आणता येत नाही ते त्याचं तारुण्य.

आता आणखी एक गंमत. इंग्लंडमध्ये 'शांत राहा आणि काम चालू ठेवा' असं सांगणारं युद्धकाळातलं भित्तिपत्रक आज कपबशांवरसुद्धा दिसतं. ते 1939 मध्ये छापलं खरं, पण त्या काळी फारसं लावलंच गेलं नाही. 2000 साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडलं, तेव्हा लोकप्रिय झालं. ज्यांनी युद्ध पाहिलं नाही, त्यांनाच युद्धाची आठवण येते!

हसू नका, आपलंही तेच आहे. माझी पिढी स्वातंत्र्यानंतरची. इंग्रजी स्वस्ताई आम्ही वडिलांकडून उसनी घेतली. आमच्या मालकीचं म्हणजे आर्वीची छोटी गाडी आणि कापड गिरणीचा भोंगा. गिरणी बंद पडली, आता तो भोंगा फार गोड वाटतो. पण पाळीला धावणाऱ्याच्या कानाला तो कसा लागत होता? ती माणसं अजून गावात आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारा, आणि त्यांच्या बायकांनाही विचारा. पहाटे चूल कोण पेटवत होतं ते कळेल.