बल्ब गेला, दिवा राहिला

‘आर्को’ या दिव्याच्या संगमरवरी पायाला एक आरपार भोक आहे. ते शोभेसाठी पाडलेलं नाही. पाया जवळपास 65 किलो वजनाचा. हलवायचा झाला तर भोकात झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. कोपरे छाटलेले आहेत, कारण येता-जाता नडगी तिथेच आपटणार. आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या दोन भावांनी 1962 साली ‘फ्लोस’ कंपनीसाठी हा दिवा केला. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी घरगुती होता: जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छतात खिळा ठोकायचा नाही. रस्त्यावरच्या वाकलेल्या दिव्याच्या खांबावरून त्यांना उत्तर सुचलं. एकमेकांत सरकणाऱ्या तीन स्टीलच्या पट्ट्यांची कमान, टोकाला ॲल्युमिनियमचा घुमट, आणि पायापासून घुमटापर्यंत सुमारे दोन मीटरचं अंतर. हातात ताट घेतलेला माणूस कमानीखालून सहज जातो, टेबलाभोवती फिरून वाढतो.

1945 ते 1975 या काळातले इटालियन दिवे जमवणारे जगभर आहेत आणि त्यांतले बरेच जण आकार बघून पैसे मोजतात. मुरलेला संग्राहक आधी विचारतो, याचं वजन कुठे ठेवलंय? माझ्या मते या छंदाची सगळी गंमत त्या एका प्रश्नात आहे. हे दिवे शोभेच्या वस्तू म्हणून जन्मले नाहीत. कुणीतरी बल्ब, वायर, चोक आणि वजन यांचं गणित सोडवलं आणि ते न झाकता तसंच उघडं ठेवलं.

हे सगळं मिलानमध्येच का घडलं, याला कारणं आहेत. महायुद्धातल्या बॉम्बफेकीने शहराची दैना झाली होती, नवी घरं उभी राहत होती आणि त्या घरांत जुनी झुंबरं मावत नव्हती. शहराच्या भोवती लेथवाले, पितळ ओतणारे, पत्रा दाबणारे छोटे कारखाने पसरलेले. काच मुरानोहून यायची. जिओ पोंती यांनी 1928 मध्ये सुरू केलेलं ‘दोमुस’ मासिक नवं काम छापत होतं. 1951 च्या त्रिएन्नाले प्रदर्शनात जिन्यावर लुचो फोंतानाने निऑनच्या नळीचा भलामोठा गुंता टांगला होता. उजेड हाच ऐवज, असं त्या शहरात तेव्हा सगळ्यांनाच वाटत असावं. 1954 मध्ये ‘ला रिनाशेंते’ या मोठ्या दुकानाच्या पुढाकाराने ‘कोम्पासो दोरो’ हा पुरस्कार सुरू झाला. दुकानदाराने संकल्पनाकाराला मान द्यावा, हे मला आजही नवलाचं वाटतं.

या सगळ्यात ज्यांच्यापाशी थांबलंच पाहिजे ते जिनो सार्फात्ती. जन्म 1912, व्हेनिसचा. जिनोव्हात जहाजं आणि विमानांच्या अभियांत्रिकीचं शिक्षण चालू होतं. घरचा व्यवसाय बुडाला आणि ते अर्धवट सोडून मिलानला यावं लागलं. 1939 मध्ये त्यांनी ‘आर्तेलुचे’ ही कंपनी काढली. कारखाना त्यांचा, संकल्पनाही बहुतेक त्यांच्याच. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांनी शेकड्यांनी दिवे केले. दिव्यांना नावं दिली नाहीत, क्रमांक दिले. पाचशे-सहाशेच्या घरातले टेबलावरचे, हजारातले जमिनीवर उभे राहणारे, दोन हजारातले टांगायचे. संग्राहकांच्या तोंडी आजही आकडेच असतात: ‘एक हजार त्रेसष्ट मिळाला’ एवढं म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं.

तो 1063 नीट बघण्यासारखा आहे. 1954 चा. माणसाहून उंच, सरळसोट काठी, तिच्यावर उभी फ्लुओरोसेंट नळी, बस्स. अशा काठीला उभं राहायला खाली वजन लागतं आणि नळी पेटायला चोक लागतो. सार्फात्तींनी चोकची पेटी पायापाशी उघडीच ठेवली. जो भाग इतर लोक छताच्या पोकळीत लपवतात, त्यालाच त्यांनी नांगर केलं. पुढे 1966 च्या 600 क्रमांकाच्या छोट्या टेबल-दिव्यात हाच विचार वेगळ्या अंगाने येतो: तळाशी कृत्रिम चामड्याची पिशवी, आत शिशाचे छर्रे. दिवा हवा तसा कलवा, पिशवी दबते आणि तो तसाच राहतो. ना पेच, ना बिजागरी, ना स्प्रिंग.

आणि 2097. 1958 चं हे झुंबर पहिल्यांदा बघणाऱ्याला अर्धवट जोडणी झाल्यासारखं दिसतं. मधला दांडा, त्यातून चहूबाजूंना निघालेल्या बारीक भुजा, भुजांच्या टोकांना उघडे बल्ब. वायरी भुजांच्या आतून नेलेल्याच नाहीत. दांड्यापासून प्रत्येक बल्बापर्यंत त्या लग्नाच्या मांडवातल्या माळांसारख्या सैल लोंबतात. राजवाड्यातल्या झुंबराला स्फटिकांच्या सरी असायच्या. इथे त्या जागी वायरी आल्या. जुन्या 2097 वर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनने वायरी ‘नीट’ ताणून बांधल्या असतील, तर दिव्याचा जीवच गेला म्हणायचा. असे ‘नीट’ केलेले नमुने बाजारात असतात.

1973 च्या सुमारास सार्फात्तींनी आर्तेलुचे फ्लोसला विकली, कोमो सरोवराकाठी राहायला गेले आणि पोस्टाची तिकिटं जमवू लागले. ज्यांच्या वस्तूंचे पुढे संग्रह झाले, ते स्वतः शेवटी संग्राहक झाले, तेही कागदाच्या चौकोनी तुकड्यांचे. तिकीट तरी खरं की खोटं हे भिंगाखाली कळतं. दिव्यांचं तसं नाही.

दिव्यांच्या बाजारातलं सगळ्यात निसरडं नाव ‘स्तिलनोवो’. ब्रूनो गात्ता यांनी 1946 मध्ये मिलानला सुरू केलेल्या या कंपनीने अनेक संकल्पनाकारांकडून कामं करून घेतली. रंगीत पत्र्याच्या शेड, पितळी दांडे, दुधी काच. माल चांगला आणि भरपूर. त्याच काळात तशाच धाटणीचे दिवे कितीतरी छोटे कारखाने करत होते, त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मग लिलावाच्या यादीत ‘स्तिलनोवो शैली’, ‘स्तिलनोवोचा असावा’ अशी शेपटं दिसू लागतात आणि दोन विक्रींनंतर शेपूट गळून पडतं. कंपनीची चिकटपट्टी असली तर उत्तम, पण चिकटपट्टी हा पुरावा फार हलका. ती सुटते, तशी लावताही येते. मोंझाच्या ‘आर्रेदोलुचे’ कंपनीचीही हीच गत. तिथल्या आंजेलो लेली यांचा तीन भुजांचा उभा दिवा, ज्याला ‘त्रिएन्नाले’ म्हणतात, इतक्यांनी इतक्या वेळा उचललाय की जुना खरा नमुना समोर आला तरी आधी संशयच येतो.

मग ओळखायचं कसं? दिवा उलटा करून. तळाचा नमदा जागचा आहे का. पेचांची डोकी एका खाचेची आहेत की फुलीच्या खाचेची, आणि सगळ्या पेचांवर सारखीच धूळ-काळोखी आहे का. आटे मेट्रिक आहेत की अमेरिकेत दुरुस्त होताना तिथल्या मापाचे घातलेत. पितळ आतून-बाहेरून एकाच कळेचं आहे का. वायर नवी असणं हा दोष नाही. साठ वर्षांपूर्वीचं रबरी आवरण बोटाने दाबलं तर भुगा होतं. ते चालू ठेवणं म्हणजे घराला आग लावणं. पण जुना होल्डर, जुनं बटण डब्यात घालून दिव्याबरोबर ठेवावं. रंगाचं मात्र उलट. मूळ एनॅमलवर चरे असले तरी ते राहू द्यावेत. पुन्हा रंगवलेल्या दिव्याची किंमत पडते, आणि ती पडावी हेच योग्य. ताज्या रंगाखाली काय लपलंय ते विकणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं.

काही सामग्रीला उपायच नाही. कास्तिल्योनी बंधूंच्या 1960 च्या ‘ताराक्साकुम’, ‘व्हिस्कोंतेआ’ या दिव्यांत तारेच्या सांगाड्यावर एका राळेचा फवारा मारून पांढरं कोषासारखं आवरण केलंय. तंत्र अमेरिकेतून आलेलं. हे आवरण काळानुसार पिवळं पडतं, कडक होतं, तडकतं. त्यावर बसलेली धूळ पुसायला गेलात तर कापडाबरोबर पापुद्राही येतो. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत पितळ काळवंडतं त्याची चिंता नको, ते घासता येतं. हा कोष तिथे ठेवू नये.

आता बल्बाचं. हे दिवे बल्बाभोवती बेतलेले, आणि तो बल्बच संपला. युरोपीय संघाने 2009 पासून तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बंद केले, 2018 मध्ये बहुतेक घरगुती हॅलोजन, आणि 2023 मध्ये नेहमीच्या फ्लुओरोसेंट नळ्या. कास्तिल्योनींच्या 1962 च्या ‘तोइओ’त तर चक्क अमेरिकन मोटारीचा 300 वॉटचा दिवा आहे, विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तळाशी बसवलाय आणि तोच उभ्या दांड्याचं वजन पेलतो, वायर मासेमारीच्या गळाला असतात तशा कड्यांतून वर जाते. तिथे एलईडी बसवला की ट्रान्सफॉर्मर नुसतं ओझं उरतं. दिवा दिसतो तसाच, पण ज्या कारणासाठी तो तसा दिसत होता ते कारण गेलेलं असतं. भारतात अडचण आणखी एक: आपले बहुतेक होल्डर दोन पिनांचे, इटलीचे आट्यांचे. एलईडी आता आट्यांचेही सहज मिळतात, तेव्हा मूळ होल्डर काढून पिनांचा बसवण्याचा मोह आवरावा. वायरमनला फक्त अर्थिंग तपासायला सांगावं. उघड्या धातूचा जुना दिवा आहे, हात लागणारच.

फ्लोसने 2013 मध्ये सार्फात्तींचे पाच दिवे एलईडीसह पुन्हा काढले, त्यांत 1063 आहे. चोकची गरज उरलेली नसतानाही पायाजवळची पेटी आहेच. कंपनीला दोष देता येत नाही, पेटी काढली असती तर लोकांनी तो 1063 मानला नसता. पण सार्फात्तींनी एलईडी हाती घेतला असता तर पेटी ठेवली असती का? मला वाटतं, नसती. 1969 साली 607 मध्ये त्यांनी नव्या हॅलोजनसाठी दिव्याचा आकारच नव्याने मांडला होता.

पुन्हा आर्कोकडे. हा दिवा 1962 पासून आजवर सलग बनतोय, त्यामुळे ‘जुना आर्को’ आणि ‘नवा आर्को’ यांत फरक वयाचा, खरेपणाचा नाही. नकला मात्र हव्या तेवढ्या. चीनहून आणलेला ‘फ्लुइदा’ नावाचा असाच एक दिवा ‘सेमेरारो’ कंपनी इटलीत विकत होती. फ्लोसने दावा लावला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. 27 जानेवारी 2011 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की संकल्पनाचित्राची नोंदणी नाही म्हणून लेखाधिकाराचं संरक्षण आपोआप नाकारता येणार नाही. पुढच्या वर्षी मिलानच्या न्यायालयाने आर्कोला कलाकृती म्हणून ते संरक्षण दिलं. झाडूच्या दांड्यासाठी भोक पाडलेला दगड कायद्याने कलाकृती ठरला.

इटलीहून विकत घेऊन बाहेर नेणाऱ्यांनी आणखी एक कायदा लक्षात ठेवायला हवा. रचनाकार हयात नसेल, वस्तू 70 वर्षांहून जुनी असेल आणि किंमत 13,500 युरोंच्या वर असेल, तर तिथून बाहेर न्यायला परवाना लागतो. 2017 पर्यंत ही मर्यादा 50 वर्षांची होती. ती वाढवल्यामुळे पन्नाशीच्या दशकातला माल काही काळ मोकळा झाला, आणि आता एकेक वर्ष करून पुन्हा कुंपणात येतोय. 1954 चे दिवे आलेच आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 2097 च्या मागे लागू नये. 1971 चा ‘पारेंतेसी’ घ्यावा. मूळ कल्पना पिओ मान्झू यांची, ते 1969 मध्ये अपघातात गेले; आकिल्ले कास्तिल्योनींनी ती पुढे नेली. छतापासून जमिनीपर्यंत ताणलेली पोलादी दोरी, खाली वजन, आणि कंसासारखी वाकवलेली एक नळी, तिच्यातून दोरी जाते. मान्झूंच्या आराखड्यात कडक दांडा आणि आवळायचा पेच होता. कास्तिल्योनींनी दांड्याच्या जागी दोरी आणली आणि पेच काढून टाकला. वाकड्या नळीत दोरी घासते, त्या घर्षणानेच दिवा जागी राहतो. हाताने वर ढकला, खाली ओढा, सोडा. 1979 मध्ये याला कोम्पासो दोरो मिळाला. आजही बनतो, जुनाही फार महाग नाही. घेताना नळी वरखाली सरकवून बघा. आपोआप घसरत असेल, तर कुणीतरी दोरी बदलून भलतीच बारीक घातली आहे.