विश्लेषण : संकेतस्थळावरचा शोध नको ते का दाखवतो?

समजा, पाककृतींच्या एखाद्या मराठी ब्लॉगवर कोणी मोबाइलवरून ‘कढी’ शोधली. अपेक्षा असते ताकाच्या कढीची, सोलकढीची, फार तर कढी-पकोड्यांची. यादीत मात्र ‘आमच्याविषयी’चे पान येते, कारण तिथे लेखिकेने आजीच्या कढीची आठवण लिहिलेली असते. पाठोपाठ ‘मागणी नोंदवा’ येते. आणि तिसरे येते ‘धन्यवाद, आपले पैसे जमा झाले’ हे पान. त्यावर ‘कढी ते कोशिंबीर’ या विकतच्या ई-पुस्तकाची डाउनलोड लिंक असते. पैसे न भरलेल्या वाचकाच्या हाती ते आयते लागते. फोनच्या पडद्यावर एका वेळी दोन-तीनच निकाल मावतात, त्यामुळे पाककृती शोधणारा बहुधा मागे फिरतो. फुकटचे पुस्तक शोधणारा फिरत नाही.

असे का होते?

जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. मराठी ब्लॉगही तिच्यावर पुष्कळ आहेत. २००३ मध्ये ती आली तेव्हा ब्लॉग लिहिणे एवढेच तिचे काम होते. आजही तिची मांडणी त्याच घडणीची आहे. लेख, स्थिर पान, छायाचित्राची नोंद, मेनूतली ओळ, लेखाचा जुना मसुदा हे सारे डेटाबेसच्या एकाच तक्त्यात बसते. कोणती नोंद कशाची, हे एका रकान्यात लिहिलेले असते. त्याला ‘पोस्ट टाइप’ म्हणतात. २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ‘पाककृती’, ‘पुस्तक’, ‘कार्यक्रम’ असे स्वतःचे प्रकार करणेही सोपे झाले.

शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की प्रणाली शीर्षक, सारांश आणि मजकूर चाळते. ‘शोधातून वगळा’ अशी खूण नसलेल्या सर्व प्रकारांतले प्रकाशित मजकूर ती पुढे करते. जुने मसुदे आणि मेनू आधीच वगळलेले असतात. स्थिर पाने मात्र वगळलेली नसतात, आणि गोंधळ नेमका तिथून सुरू होतो. ‘धन्यवाद’चे पान आणि कढीची कृती यांत प्रणालीला फरक दिसत नाही.

मर्यादा कशी घालतात?

सर्वांत साधा उपाय पत्त्यातच आहे. वर्डप्रेसवर शोध घेतला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, इंग्रजी ‘एस’ आणि शोधलेला शब्द दिसतो. त्याला पोस्ट टाइपची अट जोडली की निकाल तेवढ्याच प्रकारापुरते येतात. ही अट शोधाच्या अर्जात अदृश्य रकाना म्हणून ठेवता येते. वूकॉमर्सवर चालणाऱ्या दुकानातली ‘उत्पादने शोधा’ ही चौकट हेच करते. तिथे ब्लॉगवरचे लेख मध्ये येत नाहीत, ते यामुळेच.

दुसरा उपाय थीमच्या फाइलमध्ये चार ओळींचा कोड घालण्याचा. शोध डेटाबेसकडे जाण्याआधी त्याला अडवून ‘फक्त लेख आण’ असे सांगायचे. इंटरनेटवर हा कोड जागोजागी मिळतो आणि अर्धवट उतरवला जातो. त्यात दोन अटी हव्यातच : प्रशासकीय विभागात तो लागू नसावा आणि तो पानावरच्या मुख्य शोधापुरताच असावा. पहिली गळली की डॅशबोर्डवर स्वतःचीच पाने शोधूनही सापडत नाहीत. शिवाय कोड मूळ थीममध्ये घातला असेल तर पुढच्या अपडेटबरोबर पुसला जातो. त्यासाठी चाइल्ड थीम किंवा छोटे प्लगइन बरे.

कोडला हात लावायचा नसेल, तर रेलेव्हान्सीसारख्या प्लगइनमध्ये कोणते प्रकार शोधात घ्यायचे ते खुणा करून निवडता येते. मराठीसाठी त्याचा आणखी एक उपयोग आहे. वर्डप्रेसचा मूळ शोध शब्द ओळखत नाही, अक्षरांचा तुकडा जुळवतो. म्हणून ‘कढी’ शोधल्यावर कढीपत्त्याची फोडणी दिलेला प्रत्येक पदार्थ हजर होतो, म्हणजे जवळपास अख्खा ब्लॉग. उलट ‘आंबा’ शोधल्यावर ‘आंब्याचे लोणचे’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात अक्षरे बदलतात. ‘आंब’ टाकावे, तर ‘आंबट’ही येते. प्लगइनमध्ये पूर्ण शब्दच जुळवण्याचा पर्याय आहे, त्याने कढीपत्ता सुटतो. आंब्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. तिथे लेखिकेने मजकुरात एकदा ‘आंबा’ लिहिणे हाच खात्रीचा मार्ग.

‘फक्त लेख’ नेहमी योग्य?

नाही. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शुल्क, प्रवेशाचे नियम, वेळा हे सगळे स्थिर पानांवर असते. तिथे शोध लेखांपुरता केला, तर पालकांना गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त मिळेल आणि शुल्क मिळणार नाही. ब्लॉगवरही नंतर ‘पाककृती’ हा वेगळा प्रकार केला आणि कोडमध्ये त्याची भर घातली नाही, तर नव्या कृती शोधातून गुपचूप गायब होतात. प्रकारालाच ‘शोधातून वगळा’ ही खूण करण्याचा मोहही महागात पडतो. त्या प्रकाराला जोडलेल्या वर्गवारीची पाने त्यामुळे रिकामी दिसू शकतात.

मग ‘धन्यवाद’चे पान सुरक्षित झाले का?

शोधातून पान काढले म्हणजे कुलूप लावले असे नाही. पत्ता माहीत असलेला कोणीही ते उघडू शकतो. गूगलचा शोधही वेगळा आहे. त्याच्यासाठी पानावर ‘नोइंडेक्स’ ही सूचना लागते. त्यापेक्षा पानाला पासवर्ड लावणे भक्कम : लॉग-इन न केलेल्या वाचकाला वर्डप्रेसचा मूळ शोध अशी पाने दाखवतच नाही. एक फट तरीही उरते. पानाला पासवर्ड असला, तरी मीडिया विभागात चढवलेल्या पीडीएफ फाइलचा स्वतःचा पत्ता उघडाच असतो. एका खरेदीदाराने तो व्हॉट्सअॅप गटात टाकला की पुरे. पुस्तक विकायचे असेल तर ठरावीक काळाने निकामी होणारी डाउनलोड लिंक देणारी सोय घ्यावी लागते. वूकॉमर्समध्ये ‘डाउनलोड करता येणारे उत्पादन’ निवडले की किती दिवस आणि किती वेळा, हे दोन्ही ठरवता येते.