मोठ्या हॉटेलातला मुक्काम

आमच्या परंड्याकडे ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ मुंबईकरांपेक्षा निराळा आहे. ‘जरा हॉटेलात जाऊन येतो’ असे कुणी म्हणाले, तर तो एस. टी. स्टँडजवळ भजी खाऊन, चहा पिऊन दहा मिनिटांत परत येणार, असे समजावे. मुक्कामाच्या जागेला आम्ही लॉज म्हणतो आणि त्याच्याही आधी धर्मशाळा म्हणत होतो. धर्मशाळेत छप्पर मिळे, आडाचे पाणी मिळे. शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणायचे. तीन दगडांची चूल मांडायची, भाकरी थापायची आणि पहाटे पुढच्या वाटेला लागायचे. तिथे कुणी कुणाची सेवा करीत नसे, म्हणून कुणी कुणावर ओरडतही नसे. मठात किंवा ओळखीच्या घरी उतरावे, तर तिथे ताट वाढलेले मिळे. पण ते पाहुणा म्हणून. त्याचा हिशेब पैशात होत नसे.

मोठे हॉटेल या दोहोंहून वेगळे. तिथे एक अनोळखी माणूस पैसे घेऊन दुसऱ्या अनोळखी माणसाचे अंथरूण घालतो, त्याला पाणी देतो, त्याचे सामान उचलतो. घरचे आतिथ्य आणि बाजारातला व्यवहार यांच्या मधली अशी ही जागा आहे. या जागेत माणसाने माणसाशी कसे वागावे याचा रिवाज आपल्याकडे तयार नव्हता. तो हळूहळू घडत गेला. जुन्या नामांकित हॉटेलांत राहून गेलेल्या लोकांचे अनुभव वाचावेत ते यासाठी. संगमरवर किती होता, झुंबरे किती होती, हे त्यात असतेच. पण नीट पाहिले तर खरी गोष्ट निराळीच असते.

कुर्डुवाडीला गाडीत बसून मुंबईला उतरावे आणि फोर्ट भागातून दक्षिणेकडे चालू लागावे. काळा घोडा येथे एक पाच मजली, लोखंडी सांगाड्याची, मोडकळीला आलेली इमारत दिसते. हेच एके काळचे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन या इंग्रज व्यापाऱ्याने 1860 च्या दशकात ते उभारले. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार झाला, सुटे भाग जहाजाने आले आणि इथे जोडले गेले. सुमारे 130 खोल्या, प्रत्येक मजल्याला रुंद सज्जे, मध्ये काचेच्या छताचा मोठा चौक. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला, तो याच हॉटेलात.

त्याच वर्षाच्या जानेवारीत मार्क ट्वेन हे अमेरिकन लेखक मुंबईला आले आणि वॉटसनमध्ये उतरले. पुढच्या वर्षी त्यांचे प्रवासाचे पुस्तक निघाले. त्यात या मुक्कामाचे वर्णन आहे, आणि ते मोठे गमतीदार आहे. ट्वेनसाहेब वरच्या मजल्यावरच्या खोलीकडे निघाले, तेव्हा त्यांच्यामागून नोकरांची एक मिरवणूकच निघाली. एकेकाच्या हातात एकेकच वस्तू, दुसरी नाही! पहाटे नोकरांची आरडाओरड, दारांची आदळआपट आणि मग मुंबईचे कावळे. या कावळ्यांवर त्यांनी इतके प्रेमाने लिहिले आहे, की वाचताना हसू आवरत नाही.

पण त्याच प्रकरणात एक प्रसंग असा आहे, की हसणे जागच्या जागी थांबते. हॉटेलचा एक धिप्पाड जर्मन माणूस खोली दाखवायला आला होता. सज्ज्याकडच्या दाराचे काही काम करायला एक नोकर गुडघे टेकून बसला. काम मनासारखे होईना, तेव्हा त्या जर्मनाने काय चुकले हे सांगण्याआधीच नोकराच्या जबड्यावर एक तडाखा दिला, आणि मग चूक सांगितली. नोकराने तो मुकाट्याने सोसला. चेहऱ्यावर रागाची रेषासुद्धा उमटली नाही. हे पाहून ट्वेन एकदम पन्नास वर्षे मागे गेले. त्यांचे बालपण गुलामगिरीच्या मुलखात गेलेले. त्यांचे स्वतःचे वडील एरवी सज्जन, पण घरच्या गुलाम पोराला तेही मारीत. एकदा तर एका मालकाने रागाच्या भरात गुलामाला लोहखनिजाचा दगड फेकून मारला आणि तो माणूस तासाभरात मेला, हे ट्वेन यांनी दहा वर्षांचे असताना डोळ्यांनी पाहिले होते. मुंबईतल्या त्या एका तडाख्याने हे सगळे त्यांच्यापुढे उभे राहिले.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या काळी हॉटेलात उतरणारा साहेब स्वतःचा वेगळा नोकरही ठेवीत असे. ट्वेन यांनी ठेवलेल्या नोकराचे नाव लांबलचक होते. ते घेता येईना, म्हणून त्यांनी त्याला ‘सैतान’ हे नाव दिले, थट्टेने आणि प्रेमानेही. एका तडाख्याने ज्यांचे मन इतके हलले, त्या भल्या माणसालाही सेवकाचे नाव बदलण्यात काही वावगे वाटले नाही. काळाची सवय ती हीच.

आता काळा घोड्यावरून दहा-पंधरा मिनिटे चालत अपोलो बंदरावर यावे. इथे ताजमहाल हॉटेल आहे. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तिला त्या काळचा पुरावा नाही. 1896 च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती आणि आपल्या शहराला शोभेल असे हॉटेल असावे, ही जमशेटजींची तळमळ होती. एवढे कारण पुरेसे आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरे केले. परदेशच्या प्रवासात जमशेटजी स्वतः सामान निवडीत. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले, तेव्हा विजेचे दिवे लखलखत होते आणि पाहुणे होते अवघे 17. पुढे पाच महिन्यांतच, मे 1904 मध्ये, जमशेटजी वारले.

ताजला गेलेले लोक आणखी एक दंतकथा हमखास घेऊन येतात: इमारत चुकून उलटी बांधली गेली, तोंड समुद्राकडे हवे ते शहराकडे झाले, आणि हे पाहून शिल्पकाराने जीव दिला. यात तथ्य नाही. तेव्हा पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून दरवाजा तिकडे ठेवला होता. समुद्राकडची बाजू खोल्यांना दिली, म्हणजे वारा आणि देखावा पाहुण्यांना मिळावा. आज जुन्या दरवाजाच्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे आणि ये-जा समुद्राकडून होते. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तर 1924 साली पुरे झाले; ताज त्याच्याहून वडील आहे! पहिल्या महायुद्धात या राजवाड्यात 600 खाटांचे इस्पितळ होते. शेजारचा उंच मनोरा 1973 सालचा.

बरे, एवढ्या थाटाच्या जागेत राहून आलेल्या माणसाला पुढे आठवते काय? कुणी म्हणतो, दुसऱ्या खेपेला गेलो तर दरवानाने नाव घेऊन नमस्कार केला. कुणाच्या आईला कमी तिखट लागते, हे न सांगता लक्षात ठेवलेले असते. झुंबर विसरते, हे विसरत नाही. याचे एक साधे गणित आहे. हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी 2011 साली ताजसंबंधी लिहिले, त्यात ते आहे. चोवीस तासांच्या मुक्कामात पाहुण्याची आणि नोकरवर्गाची चाळीस ते पंचेचाळीस वेळा गाठ पडते. कधी दारात, कधी लिफ्टमध्ये, कधी टेलिफोनवर. यातल्या बहुतेक गाठींच्या वेळी साहेब तिथे हजर नसतो. म्हणजे हॉटेलचे नाव राखणे हे वेटरच्या, दरवानाच्या, खोली झाडणाऱ्या बाईच्या हातात असते. तडाखा देऊन दार नीट लावून घेता येईल. हसून बोलणे तडाख्याने येत नाही. त्याला मनापासूनच यावे लागते.

या गणिताची कसोटी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री लागली. अतिरेक्यांनी ताजमध्ये शिरून गोळीबार केला, आगी लावल्या; 29 तारखेच्या सकाळपर्यंत ते चालले. तिथे 31 माणसे मेली. त्यांतले सुमारे एक तृतीयांश हॉटेलचे कर्मचारी होते. त्यांना मागचे दरवाजे, जिने, बोळ सगळे ठाऊक होते. पळून जाणे त्यांना पाहुण्यांपेक्षा सोपे होते. पण टेलिफोनवरच्या मुलींनी आपले काम सोडले नाही. खोल्याखोल्यांत फोन करून ‘दार लावून घ्या, दिवे मालवा’ असे सांगत राहिल्या. एका मेजवानीची व्यवस्था पाहणारी चोवीस वर्षांची मुलगी रात्रभर पाहुण्यांना टेबलाखाली बसवून धीर देत, पाणी देत होती. सकाळी सुटका झाली तेव्हा ती सर्वांच्या शेवटी बाहेर पडली. एका अनुभवी मुख्य वेटरने आपले पाहुणे आधी काढले आणि स्वतः गोळीला बळी पडला. महाव्यवस्थापकाची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर आगीत गेली, तरी तो लोकांना बाहेर काढण्याचे काम करीत राहिला. बारा-पंधराशे पाहुणे वाचले. 15 ऑगस्ट 2010 रोजी जुनी वास्तू पुन्हा उघडली.

त्याच अभ्यासकांना प्रश्न पडला, की ही माणसे अशी का वागली? हॉटेलच्या नियमपुस्तकात तर असे काही लिहिलेले नव्हते. त्यांना जी कारणे दिसली त्यांतले एक आपल्याला जवळचे आहे. हे हॉटेल आपली माणसे महानगरांपेक्षा लहान गावांतून आवर्जून निवडते. वडीलधाऱ्यांचा मान, आल्यागेल्याची विचारपूस, गरज असल्यामुळे आलेली चिकाटी, हे गुण तिथे घरातच मिळतात. बाकीचे शिकवता येते, आणि ते दीड वर्ष शिकवतात.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणाला जायचे होते. वडील शेतकरी. ते मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, कर्ज काढून शिकवतो, पण पोरगं लोकांची खरकटी उचलणार असंल तर नको.” मी त्यांना विचारले, “तुमच्या घरी पाहुणा जेवून उठला, की ताट कोण उचलतं?” ते म्हणाले, “आमीच की. पण आमाला कुणी ‘ए’ म्हणत नाही.” या उत्तराने माझा प्रश्न तोकडा ठरला. त्यांची भीती खरकट्याची नव्हती. ती त्या 1896 सालच्या तडाख्याची होती. काम हलके नसते, त्या कामाला मिळणारी वागणूक हलकी असते.

या धंद्यात कष्ट फार आहेत. तासन्‌तास उभे राहावे लागते, सणावाराला रजा नसते, आणि प्रत्येक मालक गुणांची कदर करतोच असे नाही. हे मुलांना आधी सांगावे. पण लाज वाटावी असे त्यात काही नाही, हेही सांगावे. आणि दुसरी बाजू तर आपल्याच हातात आहे. ताजमध्ये मुक्काम करण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येईल. स्टँडवरच्या हॉटेलात मात्र आपण रोज बसतो. तिथे फडके मारणाऱ्या माणसाला ‘ए पोऱ्या’ अशी हाक न मारता नाव विचारावे, आणि त्याच नावाने हाक मारावी. याला पैसे पडत नाहीत. चांगला पाहुणा होणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती गावातच शिकता येते.